चाकांवरची ताटं

जोतिराम डिझेल खात नव्हता. हे आधीच सांगून टाकतो. पुढची सगळी कटकट त्या एका संशयावरून झाली आणि ती पहिल्यापासून सांगायचाही मला आता कंटाळा येतो. पण सांगायचं झालं तर मीच सांगायला हवं, कारण टेम्पोत त्याच्या शेजारी मीच बसत होतो.

मी कुमार. सोलापुरात चाटी गल्लीत टॉवेल-चादरींचं ठोक दुकान आहे, तिथं ऑर्डरी घेतो. एक दिवस अक्कलकोट-दुधनी, एक दिवस करमाळा-केम, एक दिवस नातेपुते, असा टेम्पो फिरतो. माल उतरवायचा, दुकानदाराची कुरकुर ऐकायची, पुढच्या मालाची ऑर्डर घ्यायची आणि परत निघायचं. गुडघे डॅशबोर्डला घासून घासून माझ्या सगळ्या पँटी त्याच जागी विरल्या आहेत. बायकोबरोबर जेवलो नसेन इतका जोतिरामबरोबर जेवलोय. तो खाकरला की मला कळायचं, आता गिअर बदलणार.

जोतिराम मूळचा नातेपुत्याच्या पुढच्या एका वस्तीवरचा, मेंढपाळाच्या घरातला. मिसरूड फुटायच्या आत आमच्या दुकानात हमाल म्हणून आला. त्या वेळचे मालक सिद्धलिंगप्पा. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांनीच त्याला गाडी शिकवली. स्वतः शेजारी बसायचे आणि चुकला की गुंडाळलेलं वर्तमानपत्र त्याच्या डोक्यात हाणायचे. शिकल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं मालासकट टेम्पो मोहोळच्या अलीकडे खड्ड्यात घातला. नव्याकोऱ्या चादरी चिखलात लोळल्या. आप्पा आले, त्यांनी चादरींकडे बघितलंही नाही. "तुला कुठं लागलं का?" एवढंच विचारलं. त्यानंतर त्या दिवसाचा विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही. जोतिराम मात्र तो विषय दर पावसाळ्यात काढायचा, आणि मला दर पावसाळ्यात तो नव्यानं ऐकावा लागायचा.

आप्पा गेले. त्यांचे चिरंजीव महादेवप्पा गादीवर बसले. माणूस वाईट नाही, हेही सांगून ठेवतो. पण बापानं उभं केलेलं आपल्या हातून बुडेल, या भीतीनं त्यांना झोप नव्हती. दोरीचा गुंडा संपला तरी ते विचारायचे, कसा संपला. टेम्पोची टाकी फुल्ल करायची, फिरून आलं की पुन्हा फुल्ल करायची आणि गाडीनं किती ॲव्हरेज दिलं ते काढायचं, हा त्यांचा नेम होता. वर्षभर ते ठीक चाललं.

मग आप्पांचं पहिलं पुण्यस्मरण झालं. त्या दिवशी मालकांनी दोन गोष्टी केल्या. दुकानातल्या प्रत्येक माणसाला स्टीलचं एकेक मोठं ताट दिलं. आतल्या बाजूला मधोमध टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं: लिंगैक्य सिद्धलिंगप्पा यांच्या प्रथम पुण्यस्मरणार्थ, आणि खाली दुकानाचं नाव नि गाव. ही आमच्याकडची रीतच आहे. माणूस जातो, भांडी राहतात. दुसरी गोष्ट म्हणजे टेम्पोच्या टपावर, केबिनच्या बरोबर वर, त्यांनी एक भलामोठा बोर्ड उभा केला. लोखंडी चौकट, तिच्यावर ताणलेला आप्पांचा रंगीत फोटो. डोक्याला फेटा, कपाळाला विभूती, आशीर्वादासाठी वर केलेला हात. रुंदी टेम्पोएवढी आणि उंची विचारू नका.

त्यानंतर ॲव्हरेज घसरलं.

शाळेत विज्ञानाच्या तासाला बाकाखाली झोपलेल्या माणसालाही कारण कळेल. आपल्याकडचा वारा म्हणजे अडवायला झाड नाही, डोंगर नाही. त्यात हे धूड ताठ उभं. वेग घेतला की चौकट थरथरायची आणि केबिनमध्ये भोंग्यासारखा आवाज यायचा. मालकांना मात्र तिथं पत्रा दिसत नव्हता, बाप दिसत होता. त्यांनी गाडी गॅरेजला पाठवली. फिल्टर बदलला, चाकांची हवा बघितली, मेस्त्रीनं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मग मालकांनी जोतिरामला समोर उभं केलं.

"जोतिराम, गाडी तीच, रस्ता तोच. डिझेल कुठं जातंय?"

"गाडी पीती, मालक."

"एवढं?"

ड्रायव्हरनं डिझेल खाल्लं म्हणजे टाकीतून काढून बाहेर विकलं, हे सांगायला नको. तो शब्द मालकांनी उच्चारला नाही. पण तेव्हापासून टाकीच्या झाकणाला कुलूप लागलं आणि किल्ली मालकांच्या खिशात गेली. त्यापेक्षा सरळ चोर म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मी मध्ये पडलो. म्हटलं, "मालक, मी रोज शेजारी बसतो. एक थेंब इकडचा तिकडं होत नाही."

"तेच म्हणतो मी," मालक चष्मा पुसत म्हणाले. "तू शेजारी बसतोस."

मी चहा प्यायला बाहेर गेलो.

जोतिराम त्या वर्षी काम सोडणारच होता. कंबर गेली होती, डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे त्याला फुटल्यासारखे दिसायचे. गावाकडं बायको मायाक्का एकटीच मेंढरं-शेळ्या बघायची. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि तो स्पीकरवर टाकून बोलायचा, त्यामुळं मलाही पाठ झाला होता.

"कवा येताय?"

"येतो की. हितलं जरा मिटू दे."

"काय मिटायचं हाय?"

"हाय जरा."

तिला त्यानं कुलपाचं सांगितलं नव्हतं. मी एकदा त्याला म्हटलं, "सोड ना बाबा. गेलं उडत. जा घरी."

"आत्ता सोडलं तर काय म्हनतील, कुमारभाऊ? डिझेल खाल्लं म्हनून काढला. हमालातला येडू माझ्याच गावचा हाय. मी गावात पोचायच्या आदी बातमी पोचंल. मला जायचं हाय ओ. लई दमलोय. पन असं न्हाय जायचं."

हेच त्याचं अडलं होतं. जायचं होतं, पण चोर म्हणून जायचं नव्हतं.

"मग बोर्डाचं सांग मालकांना."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच डिझेल खाल्लंय. "काय सांगू? बापाला टपावरनं खाली उतरवा म्हनू? अन् ज्याच्यावर संशय हाय त्यानं सांगायचं? उद्या म्हनतील, चोर तो चोर, वर आप्पांचा फोटो काढाया लावतोय. तुमीबी बोलायचं न्हाय. आप्पांची शपथ हाय तुमाला."

शपथ माझ्याकडून न विचारता घेतली गेली. रोज सकाळी तो बोर्डावरची धूळ पुसायचा, चौकटीत एक फूल खोचायचा, आणि मग त्याच बोर्डानं अडवलेल्या वाऱ्यातून दिवसभर गाडी ओढायचा.

चाकांची कल्पना त्याला नातेपुत्यात सुचली. माल उतरत होता, आम्ही सावलीला बसलो होतो आणि तो मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत होता. त्यात कुठला तरी परदेशी म्हातारा आपल्या मोटारीच्या चाकांवर पत्र्याच्या गोल चकत्या बसवत होता.

"बघा बघा. चाकाला भोकं असत्यात का न्हाई, ती फिरताना वारा ढवळत्यात. पंख्यावानी. झाकली की गाडी हलकी पळती म्हनतोय."

"त्या म्हाताऱ्याचा वेळ जात नसेल," मी म्हटलं. "आणि आपल्या डोक्यावर जे उभं आहे त्याचं काय?"

"त्याला हात लावता येत न्हाई. चाकाला तर येतो की."

मला हसू आलं आणि त्याचाच रागही आला. माणूस किती आडवाटेनं जाईल याला काही मर्यादा! पण वरचं उतरवता येत नाही म्हणून खालचं झाकायचं, यापलीकडे त्याच्या हातात काही उरलं नव्हतं, हेही खरं.

पहिल्यांदा त्यानं भंगारातून पत्रा आणून कापला. चारही चकत्या चार तऱ्हेच्या झाल्या. एक तर अंड्यासारखी. बसवून बघितली तर चाक लंगडत चालल्यासारखं दिसलं, आणि कडेनं त्याचा अंगठा चिरला. त्याला चार गोल गोष्टी हव्या होत्या, तंतोतंत एका मापाच्या, आणि आतून खोलगट, म्हणजे चाकाच्या मधला उंचवटा आत मावेल. परातींची मापं जुळेनात. डब्यांची झाकणं लहान पडली. आणि आम्हा दुकानातल्या लोकांच्या घरी एकसारखी म्हणावी अशी एकच वस्तू होती.

त्यानं ते मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता.

"आप्पांची ताटं?" मी म्हटलं.

"नाव आतल्या अंगाला हाय. पालथं घातलं की नाव आत जातं. रस्त्याकडं नुस्ती पाठ. कुनाचा पाय न्हाई लागायचा, चिखल न्हाई लागायचा." त्यानं सगळा विचार करून ठेवला होता. "अन् आप्पा असते तर त्यांनीच दिली असती."

ते खरं होतं. आप्पांनी दिली असती, आणि वर वर्तमानपत्रही हाणलं असतं.

एक ताट त्याचं, एक येडूचं, एक दुसऱ्या हमालाचं, अमृतचं. चौथं माझ्या घरचं. माझी बायको वैजयंती ताट हातात घेऊन उभी राहिली. "गाडीच्या चाकाला? यावर आप्पांचं नाव आहे."

"ते आत जातं."

"आत जातं म्हणजे काय?"

"नको देऊ मग," मी वैतागून म्हटलं. तिनं दिलं, पण त्या दिवशी ती माझ्याशी धड बोलली नाही. तिचं बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. मला सगळंच नंतर कळतं.

काम त्यानं दुकानाच्या मागच्या बोळात केलं. ताटाच्या उभ्या काठाला भोकं पाडली, त्यातून तार ओवली आणि ती चाकाच्या भोकांतून घालून पिळली. खडखडू नये म्हणून काठाखाली जुन्या ट्यूबचं रबर घातलं. हवा भरायच्या नळीसाठी काठाचा एक घास कापला. ब्रेक तापू नयेत म्हणून थोडी फट ठेवली. प्रत्येक ताट लावायच्या आधी तो ते कपाळाला टेकवायचा आणि पुटपुटायचा, "आप्पा, थोडंच दिस." मी तार धरून उभा होतो.

लोकांना तर करमणूकच झाली. पंपावरचा माणूस म्हणाला, "मामा, गाडीचं लगीन हाय व्हय? रुखवत चाकाला बांधलंय!" जोतिराम हसायचा. खूप दिवसांनी हसत होता, म्हणून मी पण हसलो. मालकांनी एकदा चाकांकडं बघितलं, चकचकीत आहेत म्हणाले आणि आत गेले. सगळी गाडी नटवलेली असते, त्यातलाच प्रकार वाटला असणार.

ॲव्हरेज वाढलं. किंचित. ताटांमुळं वाढलं की त्या आठवड्यात वारा पाठीमागून होता म्हणून, हे देव जाणे. पण वाढलं. मालकांनी आकडा दोनदा करून बघितला आणि जोतिरामला हाक मारली. तो हात पुसत आत गेला. चेहऱ्यावर लग्नघर.

"बघितलंस?" मालक म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट समाधानच होतं. "जरा कुलूप लावलं, जरा लक्ष घातलं, की सुधारतं. असंच राहू दे."

जोतिराम बाहेर येऊन पायरीवर बसला. मी पाणी दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं.

"कुमारभाऊ, म्हंजे आदी मी खात हुतो, असंच झालं की हे."

मला हे आधी सुचलं नव्हतं, त्यालाही नव्हतं. ॲव्हरेज सुधारलं नाही तर तो आज चोर होता. सुधारलं, तर काल चोर होता. आता ताटं काढायचीही सोय राहिली नाही, कारण काढली आणि आकडा खाली आला की पुन्हा खायला लागला असंच होणार. इतकी मेहनत करून माणसानं स्वतःचाच पाय असा अडकवून घ्यावा! मी त्याच्यावर चिडलो, मालकांवर चिडलो, त्या परदेशी म्हाताऱ्यावर तर फारच चिडलो. जोतिराम चिडला नाही. त्यानं संध्याकाळी मायाक्काचा फोन उचलला नाही, एवढंच.

असे काही आठवडे गेले. मग केमच्या रस्त्यावर, खड्ड्यांच्या पट्ट्यात, मागचं एक ताट सुटून पडलं. आम्हाला पुढं गेल्यावर कळलं. परत येऊन शोधलं, नाही सापडलं. जोतिराम बाभळीच्या काट्यात हात घालून शोधत होता. "कुनाच्या पायाखाली जाईल ओ," एवढंच म्हणत होता.

पायाखाली गेलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. थोड्याच दिवसांनी दुकानात एक म्हातारी आली. सारजाबाई नाव सांगितलं. केमजवळच्या वस्तीवरची; सुनेला दवाखान्यात दाखवायला रेल्वेनं सोलापुरात आली होती आणि पत्ता विचारत विचारत चाटी गल्लीत पोचली होती. तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं ताट काढलं.

"ह्ये तुमच्या घरचं हाय का? आमच्या वस्तीपाशी रस्त्यात गावलं. मास्तरीनबाईनं नाव वाचून दावलं. म्हनलं, गेलेल्या मानसाच्या नावाचं हाय, त्यात आपुन जेवायचं न्हाय. घरची मानसं हुडकत असतील."

तिनं ते घासून लख्ख केलं होतं. मालकांनी दोन्ही हातांनी घेतलं, डोळे मिटून कपाळाला लावलं. तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. आणि मग त्यांचं बोट काठावरच्या भोकात गेलं.

चहा पिऊन म्हातारी जाईपर्यंत ते थांबले, हे मात्र मानलं पाहिजे. मग बाहेर आले. टेम्पो दारातच उभा होता, उरलेली तीन ताटं चाकांवर.

"हे आप्पांचं ताट आहे," ते म्हणाले. "जोतिराम, हे माझ्या वडिलांचं ताट आहे. चाकाला बांधलंस तू?"

"नाव आत केलं हुतं, मालक."

"रस्त्यावर! शेणामुतातून! ज्यानं तुला माणूस केलं त्याचं नाव!" मालकांचा आवाज फुटला. रडवेला झाला. गल्लीतली माणसं थांबली. "डिझेल खाल्लंस ते मी गिळलं. हे नाही."

तो शब्द शेवटी आला, आणि भर गल्लीत आला. येडू हमाल खांद्यावर गाठोडं घेऊन तिथंच उभा होता. जोतिरामनं आधी त्याच्याकडं बघितलं. मालकांकडं नंतर.

तिथं माझ्याकडून शपथ मोडली गेली. मोडली म्हणजे मी मोडली. उगाच सभ्यपणा कशाला. "मालक," मी ओरडलो, "आप्पा चाकाला नाहीत, आप्पा टपावर आहेत! तो बोर्ड सगळा वारा अंगावर घेतो, त्याला डिझेल लागतं! मेस्त्रीला कळतं, मला कळतं, तुम्हाला सोडून सगळ्या रस्त्याला कळतं! ते बोलता येत नाही म्हणून हा चाकं झाकत बसला!"

"कुमारभाऊ, गप बसा!" जोतिराम मालकांपेक्षा मोठ्यांदा ओरडला. तो एवढ्या जोरात बोललेला मी आधी ऐकला नव्हता.

मालक ताट छातीशी धरून आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुधनीची फेरी होती. जोतिरामनं ताटं काढून, धुऊन, गादीपाशी ठेवली होती. निघताना मालक बाहेर आले, माझ्या जागेवर बसले आणि मला मागं मालात जायला सांगितलं. चादरींच्या गाठोड्यांवर बसून मी दुधनीपर्यंत गेलो. केबिनच्या पाठीमागच्या फटीतून मला त्या दोघांची डोकी दिसत होती. अक्कलकोट सोडल्यावर समोरून वारा लागला आणि वरचा भोंगा सुरू झाला. मालकांनी मान वर केली. थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "हा आवाज रोज असतो?"

"व्हय."

"मला वाटायचं, गाडी जुनी झाली."

जाताना-येताना टाकीची किल्ली मालकांच्याच खिशात होती. दिवसभर ते गाडीपासून हलले नाहीत, दुधनीच्या व्यापाऱ्यानं जेवायला बोलावलं तरी गाडीत बसून डबा खाल्ला. परत आल्यावर पंपावर स्वतः नळीपाशी उभे राहून टाकी फुल्ल केली आणि आकडा काढला. आता चाकांवर ताटं नव्हती. आकडा आजवरचा सगळ्यात वाईट आला.

ते पंपावर तसेच उभे राहिले. मग रस्त्यापलीकडं जाऊन लांबून टेम्पोकडं बघितलं. वर आप्पा हात उंचावून उभे होते. किती वेळ बघत होते कोण जाणे. मागं गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

दुकानाशी आल्यावर म्हणाले, "बोर्ड काढ."

"मी न्हाई काढनार, मालक. तुमी काढा."

महादेवप्पा या वयात टपावर चढले. नट गंजले होते, पाना घसरत होता. खालून जोतिराम चौकट धरून होता. "सांबाळून. आप्पांना टेकू द्या. आता सोडा." दोघांनी मिळून बोर्ड उतरवला आणि आत नेऊन गादीमागच्या भिंतीला टेकवला. तिथं तो छान दिसला. तिथंच असायला हवा होता, पण एवढं शहाणपण कुणाला असतं.

मालक त्याच्याकडं न बघता म्हणाले, "माझं चुकलं, जोतिराम."

"व्हय," तो म्हणाला. मी दचकलो. तो नाही नाही, असं कसं, असं काहीतरी म्हणेल असं मला वाटलं होतं.

सकाळी त्यानं गाडी धुतली आणि किल्ली गादीवर ठेवली. पिशवी आधीच भरलेली होती. मालक गडबडले. "अरे, आता कशाला? आता तर सगळं मिटलं की!"

"मिटलं, म्हनूनच. मला लई दिसांपास्नं जायचं हुतं."

"निदान थांब चार दिवस. मी सगळ्यांना सांगतो, तू काही खाल्लं नाहीस."

"सांगा की. मी गेल्यावर सांगा." त्यानं गादीपाशी ठेवलेल्या ताटांतलं एक उचललं, भोकं पडलेलं, घास कापलेलं. "ह्ये माझं हाय," म्हणाला, आणि एसटी स्टँडकडं चालायला लागला. मी सोबत गेलो. वाटेत तो एकदाच बोलला. शपथेचं. "बरं केलंत," म्हणाला, "पन मला लई लाज वाटली."

मालकांनी शब्द पाळला, तोच घात झाला. दुकानात येईल त्याला ते सांगत सुटले. "आमचा जोतिराम, बरं का, त्यानं कधी डिझेल खाल्लं नाही. मीच उगाच संशय घेतला." मनापासून सांगायचे, डोळ्यांत पाणी आणून. आणि समोरचा, ज्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, तो पुढं सरकून विचारायचा, "का? डिझेलचं काय झालं होतं?" करमाळ्याच्या व्यापाऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तो जोतिराम चोरीत सापडला म्हणे?" नातेपुत्याला तर एकानं डोळा मारला. माझं डोकं फिरलं. जे एका गल्लीत होतं ते आता सगळ्या फेरीवर पसरत चाललं होतं.

मी परत येऊन मालकांना म्हटलं, "मालक, पाया पडतो. आता त्याच्याबद्दल चांगलंसुद्धा बोलू नका."

"मग मी करू काय?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं. दमलेला माणूस, मागं बापाचा एवढा मोठा फोटो.

"काहीच करू नका. गप्प बसा."

गप्प बसणं त्यांना आप्पांकडून आलं नव्हतं, पण ते शिकले. उरलेल्या ताटांतलं सारजाबाईनं आणलेलं ताट त्यांनी ठेवून घेतलं. दुपारी त्यात जेवतात. काठाला भोकं का, असं कुणी विचारलं तर भात कालवत राहतात.

परवा नातेपुत्याच्या फेरीला, नव्या ड्रायव्हरला थांबवून, मी जोतिरामच्या वस्तीवर गेलो. मायाक्कानं भाकरी थापली. जोतिराम डोळ्याचं ऑपरेशन करून काळा चष्मा लावून बसला होता. पुढ्यात तेच ताट, भोकाच्या काठाला बोट लावून फिरवत होता. इकडचं तिकडचं झालं, मेंढरांचं झालं, पावसाचं झालं. तो काही विचारत नव्हता, पण जेवतही नव्हता. भाकरी तशीच होती. शेवटी मायाक्का पाणी आणायला उठली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं.

"दुकानात काय म्हनत्यात माझ्याबद्दल?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुझं नावही कुणी काढत नाही."

"खरं?"

"आप्पांची शपथ."

तो मग "बरं झालं," म्हणाला, आणि भाकरी मोडली.